क्षणभर हाती आलेली अमानत



आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून दिवसातून दहा-वीस वेळा घडणाऱ्या एका कृतीविषयी मला आपल्याशी बोलावयाचे आहे. फोनवर आलेली एखादी ओळ आपण बोटाने दाबून धरतो, 'कॉपी' करतो आणि दुसरीकडे नेऊन 'पेस्ट' करतो. कृती इतकी क्षुल्लक की तिच्याविषयी मौलाना साहेबांना कोणी मसला विचारीत नाही आणि जुम्याच्या बयानातही ती येत नाही. तरीही या दोन क्रियांच्या मधल्या वेळेत ती ओळ कोठे असते, कोणाच्या ताब्यात असते, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्याची नजर तिच्यावर पडली तर अल्लाहपुढे जाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न गेले काही महिने मला स्वस्थ बसू देत नाही.

हा प्रश्न मला ग्रंथ वाचून सुचलेला नाही. आलापल्लीच्या माझ्या घरी संगणकासमोर बसलेलो असताना तो माझ्यासमोर आला. जे घडले ते सांगण्यापूर्वी एक खुलासा केला पाहिजे. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिची, माझ्या मुलीमार्फत, परवानगी घेतली आहे. हा मजकूर तिने आधी वाचला आहे. आणि तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी आयुष्यभर लाकडाच्या डेपोत लिखापढीचे काम केले. निवृत्त झाल्यावर मोहल्ल्यातील मशिदीचा जमाखर्च माझ्याकडे आला, आणि तो ठेवण्यासाठी मुलाने आपला जुना संगणक घरी आणून दिला. माझी मुलगी नागपुरात नर्सिंग शिकते. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, ती बारावीत असताना, तिचे वर्ग घरूनच चालत. फोनवर उतरवून घेतलेले टिपण संगणकावर पुन्हा टंकावे लागू नये म्हणून तिने फोनच्या कळफलकात घरच्या संगणकाचेच खाते घातले होते. फोनवर कॉपी केलेले संगणकावर उमटत असे, आणि आम्हा सर्वांना त्याचे मोठे कौतुक होते. पुढे ती नागपूरला गेली. जोडणी तशीच राहून गेली आणि आम्ही ती विसरलो.

ज्यांना या यंत्रविद्येची सवय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. क्लिपबोर्ड हा यंत्रातला एक तात्पुरता कप्पा आहे. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मजकूर कापणे, त्याची नक्कल घेणे व तो चिकटवणे या क्रिया घडवल्या. तो कप्पा एका यंत्राच्या पोटात असे आणि त्यात एका वेळी एकच वस्तू राही. नवी आली की जुनी पुसली जाई. विसरणे हा त्याचा गुणच होता म्हणा ना! पुढे एकेका माणसाजवळ दोन-दोन यंत्रे आली आणि कप्पाही सामायिक झाला. ॲपलने २०१६ साली आपल्या फोन व संगणकांमध्ये ही सोय आणली. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली विंडोजमध्ये दोन गोष्टी दिल्या: मागे कॉपी केलेल्या पंचवीसपर्यंत वस्तूंची यादी जपून ठेवणे, आणि खात्यामार्फत त्या वस्तू दुसऱ्या यंत्रावर नेणे. आपण होकार दिल्याखेरीज विंडोजमधल्या या दोन्ही सोयी सुरू होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. होकार आम्हीच दिला होता. कप्प्याचा गुण मात्र त्या होकाराने बदलला. जो विसरत असे तो आता लक्षात ठेवू लागला, आणि एका यंत्राच्या पोटात राहत असे तो दूरच्या कोठल्या तरी संगणकावरून जाऊ-येऊ लागला.

त्या दुपारी मला चंद्याच्या यादीतील एक ओळ पुन्हा हवी होती. विंडोज आणि व्ही या दोन कळा एकदम दाबल्या की ती मागची यादी उघडते, हे मला मुलानेच शिकवले होते. यादी उघडली. सर्वांत वर सात-आठ ओळींचा एक मजकूर होता, आणि तो माझा नव्हता. नागपुरात माझ्या मुलीने काही क्षणांपूर्वी तो कॉपी केला असावा. आमच्याच वस्तीतील तिच्या मैत्रिणीने तो तिला लिहिला होता. महाविद्यालयातील शिबिरात आपली रक्ततपासणी झाली, आपण सिकलसेलच्या वाहक असल्याचे अहवालात आले, घरी अजून कोणाला सांगितलेले नाही, लग्नाची बोलणी सुरू आहेत, आता काय करावे, हे तुझ्या शिक्षिकांना विचारून सांग, असे ते पत्र होते.

पहिली ओळ माझ्या डोळ्यांनी वाचली. उरलेल्या मी वाचल्या.

हा फरक मी मुद्दाम करतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना केलेला उपदेश आपल्याला ठाऊक आहे. अवचित पडलेल्या पहिल्या नजरेचा दोष नाही, पण तिच्यामागून दुसरी नजर टाकू नये, अशा आशयाची ती हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. ती परस्त्रीकडे पाहण्यासंबंधी आहे हे खरे, परंतु डोळ्याचा स्वभाव सगळीकडे सारखाच. पडद्यावर अनपेक्षितपणे एखादे अक्षर दिसणे हा अपघात असतो. माऊस खाली सरकवण्याला अपघात कसे म्हणावे?

तेव्हा मनाने लगेच सबबी शोधल्या. माझ्या घरचा संगणक, माझे खाते, माझीच मुलगी. मी कोणाच्या घरात शिरलो नव्हतो, कोणाचा फोन उचलला नव्हता, कुलूप तोडले नव्हते. मजकूर चालत माझ्या दारी आला होता. आपल्यापैकी कित्येक आईबाप असेच म्हणतील, हे मला माहीत आहे. मुलांच्या फोनवर नजर ठेवणे हे तर आजकाल कर्तव्य मानले जाते, आणि अज्ञान वयाच्या लेकराबाबत ते काही अंशी आहेही.

पण दिव्य कुरआनच्या सूरह नूरमध्ये घरांविषयी जे आदेश आहेत ते नीट पाहा. सत्ताविसाव्या आयतीत इतरांच्या घरांत परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय शिरू नये असे सांगितले आहे. पुढच्याच आयतीत परत जा असे म्हटले गेले तर परत जावे, असे आहे. येथपर्यंत आपल्या सर्वांना पाठ असते. मात्र त्याच सूरहच्या अठ्ठावन्न आणि एकोणसाठाव्या आयतींकडे आपले लक्ष कमी जाते. तेथे परक्याच्या घराची गोष्ट राहिलेली नाही, आपल्याच घरातल्या आतल्या दाराची आहे. पहाटेच्या नमाजपूर्वी, दुपारी कपडे उतरवून विसावण्याच्या वेळी आणि इशाच्या नमाजनंतर घरातील लहान मुलांनीही विचारून आत यावे. आणि मुले वयात आली की त्यांनी नेहमीच परवानगी मागावी. एकाच छपराखाली, रक्ताच्या नात्यातही, प्रत्येकाला एक उंबरा आहे. इमाम मालिक (रह.) यांच्या मुअत्तामध्ये एक प्रसंग आहे. आईच्या खोलीत जाताना परवानगी मागावी काय, असे एकाने प्रेषितांना (स.) विचारले. मागावी, असे उत्तर मिळाले. तो म्हणाला, मी तिच्याबरोबर एकाच घरात राहतो. उत्तर तेच. तो म्हणाला, मीच तिची सेवा करतो. उत्तर पुन्हा तेच, आणि वर एक प्रश्न: ती तुला उघडी दिसावी असे तुला आवडेल काय?

आईच्या बाबतीत मुलाला जर हे बंधन आहे, तर सज्ञान मुलीच्या बाबतीत बापाला नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? एका घरात राहणे आणि एका खात्यात राहणे यांत मला काही फरक दिसत नाही.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आणखी एक हदीस आहे. एक मनुष्य प्रेषितांच्या (स.) दाराच्या फटीतून आत पाहत होता. प्रेषितांच्या (स.) हातात केस विंचरण्याची लोखंडी फणी होती. तो पाहतो आहे हे कळले असते तर ती आपण त्याच्या डोळ्यात खुपसली असती, परवानगीचा नियम नजरेसाठीच तर केला आहे, असे त्यांनी त्याला सुनावले. शब्दांची ही कठोरता प्रेषितांच्या (स.) सौम्य स्वभावात विरळाच आढळते. त्या मनुष्याने काही नेले नव्हते. घरातील वस्तू जागच्या जागी होत्या.

आणि येथेच आपण ज्या युगात राहतो त्याची मोठी फसगत आहे. नक्कल केल्याने मूळ कमी होत नाही. कोणाची घागर उचलली तर त्याची घागर जाते. कोणाची ओळ वाचली तर ती त्याच्यापाशीही राहतेच. मग काय हरवले? फिकहच्या ग्रंथांत चोरीची व्याख्या मालाच्या भोवती बांधलेली आहे, आणि त्या व्याख्येत माझी कृती बसत नाही. परंतु चोरी ठरत नाही एवढ्याने ती निर्दोष ठरत नाही, कारण शरिअतमध्ये चोरीच्या शेजारीच अमानतीचा स्वतंत्र दरवाजा आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवलेली एक छोटीशी हदीस मला या बाबतीत फार मोठी वाटते. मनुष्य काही बोलला आणि बोलताना त्याने इकडे-तिकडे पाहिले, तर ते बोलणे अमानत झाले, असा तिचा आशय आहे. 'कोणाला सांगू नको' असे त्याने म्हणण्याचीही गरज नाही. मान वळवून आजूबाजूला कोणी नाही ना हे त्याने पाहिले, तेवढे पुरे. त्या मुलीने 'घरी अजून कोणाला सांगितलेले नाही' असे लिहिले होते. लिहिणाऱ्याने मान वळवून पाहणे म्हणजे आणखी काय असते?

डेपोतल्या कामाची एक गोष्ट येथे आठवते. आमच्या जंगलात तोडीसाठी झाड नेमले की बुंध्याशी हातोड्याचा ठसा मारतात. झाड पडते, ओंडका निघून जातो, पण ठसा खुंटावर मागे राहतो. पुढे ओंडक्यांवर क्रमांक घालतात, लांबी आणि घेर लिहितात, वाहतुकीचा पास करतात. थप्पीतला प्रत्येक नग कोठून आला हे कागदावरून मागे मागे जात सांगता आले पाहिजे. माझ्या सबंध नोकरीत एकही सागाचा ओंडका माझा नव्हता, आणि सगळ्यांचा हिशेब मात्र माझ्याकडे होता. हातातून जाणाऱ्या वस्तूचा मालक वेगळा असतो ही गोष्ट मला इतक्या वर्षांत अंगवळणी पडली असेल असे वाटले होते. लाकडाच्या बाबतीत पडली होती. ओळींच्या बाबतीत नाही, कारण ओळीवर ठसा नसतो. ती फिरते तेव्हा ती मुळात कोणाची, हे तिच्याकडे पाहून कळत नाही.

आता पुढचा भाग सांगतो. खरी परीक्षा तेथे होती.

दहा-बारा दिवसांनी, असरच्या नमाजनंतर, एक बुजुर्ग मला भेटले. ज्या घराशी त्या मुलीची बोलणी चालू होती त्या घरचे ते. आपल्यात रीत आहे, सोयरीक पक्की करण्याआधी वस्तीतल्या चार लोकांना विचारतात. त्यांनी विचारले, भाईसाहेब, मुलगी कशी आहे, घराणे कसे आहे, काही सांगण्यासारखे असेल तर आताच सांगा.

ज्याच्याकडे सल्ला मागितला तो अमानतदार असतो, ही हदीस आपण सगळे जाणतो. शिवाय लग्नाच्या चौकशीत दोष लपवू नये, हेही सुन्नतने शिकवले आहे. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना दोघांकडून मागणी आली तेव्हा त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. एकाजवळ पैसा नाही आणि दुसरा खांद्यावरची काठी उतरवीत नाही, असे प्रेषितांनी (स.) दोघांविषयी स्पष्ट सांगितले आणि उसामा (रजि.) यांच्याशी विवाह करण्याचा सल्ला दिला. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. यावरूनच इमाम नववी (रह.) यांनी गीबत ज्या सहा प्रसंगी क्षम्य ठरते त्यांत अशा सल्ल्याचा समावेश केला. म्हणजे बोलण्याला आधार होता. आणि विषयही फुटकळ नव्हता. सिकलसेलचा वाहक स्वतः साधारणपणे निरोगी असतो, त्याच्यात काही उणे नसते. पण पती आणि पत्नी दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते, आणि तो आजार काय करतो हे गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला कोणी सांगावयास नको. २०२३ साली केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनासाठी देशव्यापी मोहीम सुरू केली. आपला टापू तिच्या आधीपासूनच तो भोगत आला आहे.

एका बाजूला विचारणाऱ्याचा हक्क आणि जन्मालाही न आलेल्या लेकराचे हित; दुसऱ्या बाजूला एका मुलीची गोष्ट, जी तिने मला सांगितलेलीच नव्हती. माझ्या जागी आपण असता तर काय केले असते?

मला त्या क्षणी हजरत अनस (रजि.) आठवले. ते लहान होते, प्रेषितांच्या (स.) सेवेत होते. एकदा प्रेषितांनी (स.) त्यांना कामाला पाठवले आणि घरी जायला उशीर झाला. आईने विचारले, कोठे होतास? ते म्हणाले, प्रेषितांच्या (स.) कामाला गेलो होतो. काय काम? ते म्हणाले, ते गुपित आहे. आता आई म्हणजे उम्मे सुलैम (रजि.); दुसरी एखादी माता चिडली असती, मला सांगायचे नाही म्हणजे काय, असे म्हणाली असती. त्यांनी मुलाला बजावले की प्रेषितांचे (स.) गुपित कोणालाही सांगू नकोस. कितीतरी वर्षांनी अनस (रजि.) हा प्रसंग आपल्या शिष्याला, साबित यांना, सांगत होते, आणि तेव्हाही त्यांनी काम काय होते ते सांगितले नाही. कोणाला सांगितले असते तर तुलाच सांगितले असते, एवढेच म्हणाले. ते काम आज आपल्याला ठाऊक नाही. चौदा शतके लोटली, एका लहान मुलाने धरलेली मूठ अजून उघडलेली नाही.

पण अनस (रजि.) यांना ते गुपित देण्यात आले होते. मला दिलेले नव्हते, मी ते उचलले होते. म्हणून माझ्या प्रसंगाला जवळचा नियम मला पुढे दुसरीकडे सापडला, लुकतामध्ये, म्हणजे वाटेत सापडलेल्या वस्तूच्या मसल्यात. सापडलेली थैली ही सापडणाऱ्याच्या हाती अमानत असते. थैली कशी आहे आणि तिची दोरी कशी आहे ते ओळखून ठेव, वर्षभर तिची जाहीर वाच्यता कर, मालक आला तर त्याला दे, असा प्रेषितांचा (स.) आदेश हजरत जैद बिन खालिद (रजि.) यांनी सांगितला आहे. थैली आणि दोरी पाहायची ती मालकाची खूण पटावी म्हणून, तीतले खर्चून टाकावे म्हणून नव्हे. सापडलेल्या गुपिताला हाच नियम लावला तर एकच कलम उलटे होते. सापडलेली थैली चव्हाट्यावर पुकारावयाची असते. सापडलेले गुपित मालकाखेरीज कोणालाही सांगावयाचे नसते. तरीही मालकाला सांगणे दोन्हीकडे सारखेच बंधनकारक. आणि मी दहा-बारा दिवस गप्प होतो. मुलीच्या आईलाही सांगितले नाही, याचाच मला अभिमान वाटत होता. पण ज्याला सांगायला हवे होते त्यालाही मी सांगितले नव्हते. थैली घरात ठेवून घेतली होती.

त्या बुजुर्गांना मी म्हणालो, मुलगी नेक आहे, घर इज्जतदार आहे, माझ्या अनुभवात दोष नाही. एक मात्र सांगतो, आपल्या या भागात कोणतेही लग्न ठरवताना मुलगा आणि मुलगी दोघांचीही सिकलसेलची तपासणी आधी करून घ्यावी, सरकारी दवाखान्यात होते. ते म्हणाले, होय, ऐकले आहे, करून घेऊ. आणि आम्ही उठलो.

उत्तर खरे होते. त्यात कोणाचे नाव उघडे पडले नाही, आणि विचारणाऱ्याचा हक्कही बुडाला नाही. काही दिवस मी या उत्तरावर खूश होतो. मग एका रात्री तहज्जुदला उठलो असताना मनात आले, याआधी लग्नाच्या चौकशीला लोक माझ्याकडे आले तेव्हा मी हा सल्ला एकालाही दिला होता काय? नव्हता दिला. म्हणजे शब्द सर्वांसाठी होते, बोट एकीकडेच होते. ऐकणाऱ्याला ते दिसले नसेल, अल्लाहला दिसले. सूरह बनी इस्राईलच्या छत्तिसाव्या आयतीत कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाला विचारणा होईल असे म्हटले आहे. जिभेचे नाव तेथे नाही. जीभ मी सांभाळली होती.

तेव्हापासून माझ्याकडे सोयरिकीची चौकशी घेऊन जो येतो त्याला मी हेच सांगतो, मुलगा कोणाचाही असो. एवढ्याने त्या पहिल्या वेळचे बोट मागे येते की नाही, हे मला ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला नागपूरला फोन केला आणि सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नेटवर्क गेले की काय, असे वाटून मी हॅलो म्हणालो. मग ती म्हणाली, "अब्बा, माझे वाचले असते तर मी रागावून मोकळी झाले असते. ती ओळ माझीही नव्हती."

वाचकहो, या एका वाक्याने मला जे समजले ते माझ्या सगळ्या वाचनाने समजले नव्हते. गोपनीयतेबद्दल बोलताना आपण नेहमी 'मला लपवण्यासारखे काय आहे' असे म्हणतो. जणू कप्प्यात फक्त आपलेच सामान असते! आपल्या फोनमध्ये आपले स्वतःचे फारच थोडे असते. बहिणीचा दवाखान्याचा कागद, भावाने मागितलेले उसने, शेजारणीची रडकथा, कोणाच्या खात्याचा क्रमांक, कोणाचा पासवर्ड. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि तो योग्यच झाला. परंतु आपले स्वतःचे गुपित आपण सोडूनही देऊ शकतो. दुसऱ्याची अमानत सोडून देण्याचा अधिकार कोणालाच नाही. तेव्हा फोन आणि संगणक यांच्यामधली वाट झाकून ठेवणे ही लपवाछपवी नव्हे. सूरह निसाच्या अठ्ठावन्नाव्या आयतीत अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचवण्याचा जो आदेश आहे, त्याचाच तो एक भाग आहे.

आमच्याकडच्या ऑनलाइन केंद्रांची आठवण येथे आल्याशिवाय राहत नाही. तेंदूच्या हंगामानंतर पैसे खात्यात आले की नाही हे पाहायला, दाखले काढायला आतल्या गावांतून माणसे येतात. कित्येकांना वाचता येत नाही. ती आपला फोनच दुकानदाराच्या हातात देतात, आणि आधारचे बारा आकडे फोनवरून संगणकावर जाऊन तेथेच पडून राहतात. पुढचा गिऱ्हाईक खुर्चीवर बसतो तेव्हाही. आपल्या समाजातले कितीतरी तरुण हा व्यवसाय करतात. भाई, गिऱ्हाईक उठले की ती यादी रिकामी करा. 'सर्व काढून टाका' अशी एक कळ तेथेच असते.

मुलगी ईदला घरी आली तेव्हा तिने जुनी जोडणी तोडली. मी म्हणालो, नकोच ते पुन्हा, पेन आणि कागद बरा. ती म्हणाली, असे कसे, मशिदीचा हिशेब मी फोनवरून तुम्हाला पाठवते तो कसा येणार? मग तिने केडीई कनेक्ट नावाचे मोफत सॉफ्टवेअर दोन्हीकडे घातले. त्यात मजकूर दूरच्या कोणत्याही कंपनीच्या संगणकावर जात नाही. घरातल्याच वायफायवर, कुलूपबंद होऊन, या यंत्रातून त्या यंत्रात जातो. पावसात आमची लाइन तुटली आणि इंटरनेट बंद असले तरी घरातल्या घरात चालतो. मी तसा संशयी माणूस, पण हे मला पटले. ती पुन्हा नागपूरला गेली की वाट आपोआप बंद.

जोडणी करताना दोन्ही पडद्यांवर काही अक्षरे आणि आकडे आले. ते सारखेच आहेत ना, हे दोघांनी ताडून पाहावयाचे असते. खुंटावरचा आणि ओंडक्यावरचा ठसा जुळवावा तसे मी संगणकावरचे वाचले, तिने फोनवरचे पाहून मान हलवली.

"आता ऐका," ती म्हणाली. "तुम्ही संगणकावर कॉपी केलेले माझ्या फोनवर आपोआप येईल. माझे तुमच्याकडे आपोआप येणार नाही. २०१९ पासून अँड्रॉइडच ते होऊ देत नाही. मागच्या मागे क्लिपबोर्ड वाचायला ॲप्सना बंदी आहे. पाठवायचे असेल तर मला दर वेळी स्वतः कळ दाबावी लागेल."

मी विचारले, म्हणजे मी दार वाजवत राहायचे?

"तुम्ही वाजवायचेही नाही," ती म्हणाली. "मी दाबेन तेव्हा येईल." मग तिने चंद्याचा एक आकडा कॉपी करून ती कळ दाबली, आणि तो माझ्या पडद्यावर आला.